फिटरमामांच्या लोखंडी पेट्या

फिटरमामांनी एकतीस वर्षं बसडेपोत काढली आणि निवृत्त झाले त्या दिवशी बायकोला सांगून टाकलं, "आता पाना म्हणून हातात धरायचा नाही." तो शब्द त्यांनी जेमतेम आठ महिने पाळला.

घरापासून दहा मिनिटांवर एक मोठं मैदान होतं आणि त्या मैदानावर ट्रेलर उभे असत. म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायची छोटी घरं. आत पलंग, ओटा, दिवे, छोटा फ्रिज, सगळं. हौशी माणसं सुट्टीत ती घेऊन फिरायला जात आणि एरवी मैदानवाल्याकडे भाड्याने उभी करून ठेवत. काही जण बाराही महिने त्यातच राहत. ट्रेलर गाडीला अडकवायची जी त्रिकोणी दांडी असते, तिच्यावर गॅसची सिलिंडरं असतात आणि त्यांना खेटून एक बॅटरी. बॅटरी प्लास्टिकच्या डब्यात, डब्याला एक पट्टा. पट्टा सोडायचा, दोन नट ढिले करायचे, की बॅटरी हातात. हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि दोन महिन्यांत अकरा बॅटऱ्या गेल्या.

लोकांनी रात्रीचे पहारे लावले. आळीपाळीने टॉर्च घेऊन, डोळ्यांत तेल घालून बसले. सकाळी जांभया देत कामाला गेले आणि परत येऊन बघतात तर अजून एक बॅटरी गायब. शेवटी एका म्हाताऱ्या मास्तरांनी फिटरमामांचं दार वाजवलं. "मामा, काहीतरी करा हो. माझी दुसऱ्यांदा गेली."

मामांनी नको नको म्हणत शेडमधलं वेल्डिंग मशीन बाहेर काढलं आणि जाड पत्र्याची पेटी बनवली. आधी सिलिंडरं आणि बॅटरी काढून लांब ठेवली, मग पेटी थेट दांडीलाच वेल्ड केली. तळाला पाणी निघून जायला भोकं, वरच्या अंगाला हवेसाठी भोकं, कारण बॅटरी चार्ज होताना गॅस सोडते आणि तो कोंडला तर भडका उडायला एक ठिणगी पुरते. वर झाकण, झाकणाला कडी, कडीला कुलूप. शिवाय बॅटरीच्या शिशाच्या टोकावर मामांनी पंचाने, म्हणजे आकडे उमटवायच्या पोलादी ठशाने, नंबर ठोकला. मास्तरांच्या बॅटरीला एक नंबर.

एक पेटी झाली आणि पैसे देऊन पेटी करून घ्यायला मामांच्या दारात लोकांची रीघ लागली. मामांचे गुडघे डेपोतल्या खड्ड्यात बसून बसून कधीचेच कामातून गेले होते. पेटी बसवायला खाली टेकले, की उठताना ट्रेलरची दांडी धरावी लागे. वेल्डिंगचा चष्मा काढला तरी डोळ्यांपुढे हिरवे ठिपके नाचत. घरी येऊन ते भिंतीला पाठ लावून बसत.

"अहो, तुम्ही निवृत्त झालात ना?" बायको विचारायची.

"झालो होतो," मामा म्हणायचे.

सातवी पेटी सिस्टरची. सिस्टर म्हणजे पस्तीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून राबलेल्या, आता एकट्या, मैदानाच्या कोपऱ्यातल्या ट्रेलरमध्ये राहणाऱ्या बाई. त्यांना साखरेचा आजार होता आणि इन्शुलिन त्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवायच्या. फ्रिज चालायचा बॅटरीवर. मामांनी पेटी बसवली, सात नंबर ठोकला. त्यांच्या पंचांमधल्या सातच्या आकड्याची शेपटी तुटलेली होती, त्यामुळे तो सात जरा लंगडा उमटला. सिस्टर हसल्या. "माझ्यासारखाच आहे," म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी भर दुपारी सिस्टरचा फोन आला. मामा गेले. झाकण पहारीने उचकटलेलं होतं, कडी मुळासकट निघाली होती आणि त्या तुटक्या कडीत कुलूप मात्र जसंच्या तसं बंद लटकत होतं. आत बॅटरीच्या वायरी कापलेल्या. सिस्टर दोन दिवस बहिणीकडे गेल्या होत्या. ऊन कडक, ट्रेलर बंद, त्यामुळे फ्रिजमधल्या इन्शुलिनच्या बाटल्या चांगल्याच तापल्या होत्या. त्या त्यांनी ओट्यावर ओळीने मांडून ठेवल्या होत्या.

"आजचं इंजेक्शन बहिणीकडेच घेऊन आले," त्या म्हणाल्या. "उद्याचं बघू."

मामा उचकटलेल्या झाकणावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "चूक माझी आहे, सिस्टर. कडी उघड्यावर ठेवली. झाकणाची कड दुमडून कुलूप आत घ्यायला हवं होतं. मला माहीत होतं ते. त्या दिवशी गुडघा ठणकत होता, म्हणून उरकलं."

"मीही वॉर्डात उरकलंय, मामा," त्या म्हणाल्या. "पुष्कळदा." आणि त्यांनी बाटल्या एकेक करून पिशवीत भरल्या.

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मामांना हलकं वाटलं असतं. ते तसेच स्कूटर काढून जाड पत्रा आणायला गेले.

पत्रा मिळायचा मेहुण्याच्या भंगाराच्या दुकानात. मेहुणा बायकोचा सगळ्यात धाकटा भाऊ. आई लवकर गेली तेव्हा तो दीड वर्षाचा होता. बायकोनेच त्याला कडेवर वाढवला, आणि पन्नाशीला टेकला तरी ती त्याला अजून 'धाकट्या' म्हणूनच हाक मारायची. दुकानाचं शटर मामांनीच बसवून दिलेलं होतं.

मेहुणा फोनवर बोलत होता. त्याने हातानेच 'घ्या बघून' अशी खूण केली. मामा मागे गेले. वजनकाट्यापलीकडे ताडपत्रीखाली चार बॅटऱ्या होत्या. एरवी मामांनी बघितलंही नसतं. पण सगळ्यात पुढच्या बॅटरीच्या टोकावर काहीतरी चमकलं म्हणून ते वाकले. लंगडा सात होता.

ते तिथेच पत्र्याच्या चळतीवर बसले. मेहुणा फोन ठेवून आला तरी बसलेलेच होते.

"ही कुठून आली?"

"भंगार कुठून येतं, भाऊजी? लोक आणतात."

"हा नंबर मी ठोकलाय."

मेहुण्याने एकदा बॅटरीकडे बघितलं, एकदा मामांकडे. मग हसला. हसणं वाईट नव्हतं, घरातलंच होतं. "आता रागावू नका, पण एक सांगू? बॅटऱ्या जातात म्हणून तर तुमच्या पेट्या लागतात. आपलं दोघांचंही बरं चाललंय की. चहा सांगू?"

मामांना त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याच वेळी एवढा कंटाळा आला की हातही उचलवेना. कारण मेहुणा बोलला ते नुसतं निर्लज्जपणाचं असतं तर बरं होतं. ते खरंही होतं. त्यांनी वाकून बॅटरी उचलली.

"अहो, ठेवा! वीस किलोची आहे, कंबर धरेल," मेहुणा धावला. "मी ठेवून देतो स्कूटरवर." आणि खरंच त्याने ती उचलून स्कूटरच्या पायापाशी नीट ठेवून दिली.

बॅटरी सिस्टरकडे जोडून देऊन मामा घरी आले, तेव्हा बायको दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होती. त्यांनी सगळं सांगितलं. ती ऐकत घड्या घालत राहिली. एकाच सदऱ्याची घडी तिने तीनदा घातली, तीनदा मोडली.

"किती होत्या?"

"मला दिसल्या त्या चार."

"आणि त्या बाईंचं औषध?"

"गेलं. नवीन आणायला गेल्यात."

"तुम्ही त्याला काही बोललात?"

"नाही."

"बरं केलंत. उद्या मी येते."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास दोघं दुकानात गेले. बायको खुर्चीवर बसली, पदराने घाम पुसला. "धाकट्या, बॅटऱ्या कोण आणतो?"

मेहुण्याने आधी कानांवर हात ठेवले, मग चिडला, मग गयावया केली. ती नुसती बसून राहिली. तिच्या बसण्यालाच तो वैतागला आणि म्हणाला, "गॅसवाला आणतो! मैदानावर सिलिंडर बदलायला येतो ना, तो."

मामांनी कपाळावर हात मारला. रात्र रात्र पहारे केले लोकांनी, आणि चोर सकाळी अकरा वाजता टेंपो घेऊन समोरून यायचा. सिलिंडर आणि बॅटरी एकाच दांडीवर. हातात पाना घेऊन तिथे वाकलेल्या गॅसवाल्याकडे कोण बघतंय? मामांनी स्वतः त्याला दोनदा पेटी धरायला लावली होती.

"शटर ओढ आणि चल," बायको म्हणाली.

"कुठे?"

"पोलीस ठाण्यात. तू सांगितलंस तर तुझं काही ऐकून तरी घेतील. यांनी जाऊन सांगितलं तर तुझं कुणी ऐकणार नाही."

"ताई, तू माझ्या बाजूची का त्यांच्या?"

"मला आज कुणाच्या बाजूने उभं राहायचं त्राण नाही रे," ती म्हणाली. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही. चल."

तो आला.

गॅसवाला तिसऱ्या दिवशी मैदानावरच सापडला, पाना हातात असताना. दुकानात उरल्या होत्या त्या तीन बॅटऱ्या मालकांना परत मिळाल्या. बाकीच्या केव्हाच वितळवून झाल्या होत्या. मेहुण्याचा परवाना सहा महिन्यांसाठी गेला, दुकानाला सील लागलं. त्याने बहिणीचा फोन घेणं बंद केलं. ती रविवारी लावायची, घंटा पूर्ण वाजू द्यायची, मग फोन ठेवून भाजी चिरायला घ्यायची. मामा त्या वेळी मुद्दाम अंगणात जायचे.

मैदानावर बातमी पसरायला वेळ लागला नाही. बहुतेक लोक मामांशी आधीसारखेच वागले. पण एक-दोघांनी नजर चुकवली, आणि एक जण त्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "घरचाच कारखाना होता म्हणे. एक चोरतो, एक कुलपं विकतो." मामांनी ऐकून घेतलं. उत्तर द्यायचं तर उभं राहायला हवं होतं आणि ते त्या वेळी एका ट्रेलरखाली होते.

घरी बायको म्हणाली, "सोडून द्या आता. चोर सापडला ना?"

"हा सापडला," मामा म्हणाले. "माझ्या पहिल्या सहा पेट्या कच्च्या आहेत. त्या तशा सोडून कसं चालेल?"

मग त्यांनी त्या सहाच्या सहा पेट्या दुरुस्त केल्या, दिवसाला अर्धी या वेगाने. झाकणाची कड आत दुमडली, कुलूप पाइपच्या तुकड्यात लपवलं, की कटरचा जबडा आत शिरू नये. मास्तरांनी दांडीपाशी त्यांच्यासाठी एक स्टूल आणून ठेवलं. जे लोक महिनोन् महिने ट्रेलर उभा ठेवून जात, त्यांना मामा सांगत, "बॅटरी काढून घरी न्या. नसलेली वस्तू कुणी चोरत नाही." निम्मे जण ऐकत.

सिस्टरची पेटी त्यांनी सर्वांत शेवटी, सगळ्यात सावकाश केली. तीन दिवस लागले. झाल्यावर सिस्टरनी कुलूप लावलं, काढलं, परत लावलं, आणि झाकण दोन्ही हातांनी ओढून बघितलं. ते हललं नाही.

"चहा घेणार?" त्यांनी विचारलं.

"घेतो," मामा म्हणाले. "पण इथेच आणा. मला लगेच उठवणार नाही."

सिस्टर दोन कप घेऊन आल्या आणि ट्रेलरच्या पायरीवर बसल्या. मामा खाली गवतात, चाकाला पाठ लावून. मशीन अजून गरम होतं. त्या पुढच्या महिन्यात ट्रेलर घेऊन बहिणीच्या गावाला जाणार होत्या, कायमच्या. ते त्यांनी सांगितलं. मामा बरं म्हणाले. मग दोघं चहा पीत बसले.