एर्लेनक्लोस्टरचं कोणी ऐकून घेईना

चारुशीला धारस्कर अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवत आल्या. शिकवलेल्यातलं पाहिलं किती, तर नरनाळा किल्ला, शाळेच्या सहलीबरोबर, तोही मुली मोजण्यात. म्हणून मुलगी अश्लेषा बाळंतपणाला बोलवायला लागली तेव्हा निवृत्त बाई पासपोर्ट काढून थेट जर्मनीला निघाल्या. यजमान शेखरराव वकील. "मला तिकडचा गारठा सोसायचा नाही," म्हणून ते घरीच राहिले.

अश्लेषाचं गाव एर्लेनक्लोस्टर. दिवसभर जावई कामावर, अश्लेषा झोपेला आसुसलेली. बाई नातीला बाबागाडीत घालून बाहेर पडायच्या आणि कुठूनही निघाल्या तरी येऊन पोचायच्या त्या तिथल्या जुन्या ख्रिस्ती मठापाशीच. गावच तसं होतं. सगळे रस्ते मठाच्या दारातून फुटलेले. तिथे हेडविग नावाच्या एक म्हाताऱ्या बाई हौसेने मठ दाखवायच्या. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे जमलं.

आधी तिथे नुसती दलदल होती. संन्यासी आले, त्यांनी चर खणले, पाणी काढलं, तळी बांधून मासे पाळले, गिरणी उभी केली. गिरणी आली म्हणून शेतकरी आले, शेतकरी आले म्हणून लोहार आला, चांभार आला, खानावळ निघाली. होता होता गाव झालं, आणि झालं तसं ते मठाशीच भांडायला लागलं. बाजार कोणी भरवायचा, जकात कोणी घ्यायची. एकदा तर चिडलेल्या शेतकऱ्यांनी तळघर फोडून सगळी दारू पिऊन टाकली. मग दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी तिथल्या राजाने मठच खालसा केला. संन्याशांना बाहेर काढलं, मठाचं देऊळ पाडून दगडाच्या भावाने विकलं. ते दगड गावाने घरांना लावले. हेडविगबाईंच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत एक दगडी देवदूत होता, अर्धाच. त्याच्या पंखाला त्या हात पुसायचं फडकं अडकवायच्या.

तो पंख पाहिला आणि बाईंना चैन पडेना. इतकी वर्षं वर्गात सनावळ्या घोकून घेतल्या, आणि इतिहास असा भिंतीत बसलेला असतो हे आता कळलं! हे आपल्या माणसांना सांगायलाच हवं.

तीन महिन्यांनी परत आल्या, आणि सांगायला कोणी सापडेना. जाऊबाईंनी विचारलं, "तिकडे भांडीवाली मिळते का?" शेजारच्या मोनालीला तिकडच्या मॉलचं ऐकायचं होतं. शाळेतल्या मैत्रिणींनी फोटो मागितले. मठाचे दाखवायला लागल्या की त्या बोटाने सरकवत नातीच्या फोटोवर जायच्या. शेखररावांना पहिल्याच रात्री सांगायला घेतलं, तर दलदल संपायच्या आत ते घोरायला लागले होते.

शेवटी वाचनालयाच्या व्याख्यानमालेचा सेक्रेटरी मनोज भेटला. "या नं मॅडम, एक दिवस खाली हाये आपल्याकडे." बाईंनी महिनाभर तयारी केली. विषय कळवला, 'एक मठ आणि त्याचं गाव'. फलक लागला तो असा: 'जर्मनीतील माझे गोड अनुभव'.

बाईंनी फलकासमोरूनच फोन लावला. "मनोज, हे काय लिहिलंस?"

"मॅडम, लोकायले जर्मनी पायजे. मठ कोन आयकते? आपल्याइकडे मठ कमी हायेत काय? तुमी काहून टेन्शन घेऊन राहिल्या? बोला नं काय बोलाचं ते."

व्याख्यानाच्या दिवशी पाहुणे उशिरा आले. मग दीप लागला, हार झाले, मग कोण्या काकांच्या पंच्याहत्तरीचा सत्कार निघाला आणि काका स्वतःच बराच वेळ बोलले. बाई उभ्या राहिल्या तेव्हा मनोज कानाशी पुटपुटला, "मॅडम, थोडक्यात घ्या बरं. हॉल सोडा लागते."

त्यांनी दलदलीपासून सुरुवात केली. गिरणीपर्यंत पोचल्या तोच तिसऱ्या रांगेतून हात वर झाला. "मॅडम, तिकडे शाकाहारी भेटते का?"

"ते शेवटी सांगते. तर ही गिरणी..."

"अन् व्हिजाले किती दिवस लागतात?" दुसरा आवाज.

"माझा पुतण्या तिकडेच हाये, म्युनिकले," तिसरा.

बाईंच्या कपाळाची शीर तटतटली. "मी तीन महिने वरणभात खाल्ला! पुतण्याला माझा नमस्कार सांगा! आता ऐकता का?"

सभागृह खदखदून हसलं. बाई विनोदी बोलतात असं लोकांना वाटलं, टाळ्याही पडल्या. त्या टाळ्यांनी त्या जास्तच भडकल्या. मठ खालसा व्हायचा होता, गाव अजून वसायचं होतं, आणि त्या तशाच खाली उतरल्या. मनोज नारळ घेऊन मागे धावला. "मॅडम, लय मजा आली लोकायले!"

अश्लेषाला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, व्हिडिओ करून टाक ना, जगभर पाहतील." बाईंनी फोन ठेवून दिला. समोर बसून कोणी 'मग?' म्हणायला हवं होतं त्यांना. जग काय करायचं होतं?

चार दिवस घरात भांड्यांचाच आवाज. पाचव्या दिवशी शेखरराव चहा ढवळत म्हणाले, "त्या मठाच्या जमिनी कसणाऱ्या कुळांचं काय झालं?"

बाई चमकल्या. "तुम्ही तर झोपला होता!"

"त्या दिवशी हॉलमध्ये जागा होतो. पुढचं तुझ्या टिपणात वाचलं. मठ गेला, मालक बदलला. मग कुळांच्या नावावर झाली का जमीन?"

बाईंना हे माहीत नव्हतं. राजा माहीत, दगड माहीत, पंखावरचं फडकं माहीत, आणि हे नाही. स्वतःचाच राग आला. हेडविगबाईंना निरोप धाडला. उलट निरोप आला, मलाही ठाऊक नाही, आजवर कोणी विचारलं नाही, शोधते.

बाईंनी वाट पाहिली नाही. रविवारी गल्लीतल्या बायकांना घरीच बोलावलं. चिवडा केला, सतरंजी अंथरली. सात-आठ जणी आल्या. या वेळी कोणी व्हिसा विचारला नाही. गोष्टीतले शेतकरी तळघर फोडायला निघाले, तशा समोरच्या पार्बताबाई पुढे सरकून म्हणाल्या, "मंग?" आणि तेवढ्यात गल्लीत ओरडा झाला, "नळ आलेऽ!"

सतरंजी क्षणात रिकामी. पाणी आठवड्यानं आलं होतं, बोलणार कोणाला? पार्बताबाई दारातून ओरडल्या, "थांबजा बाई, गुंड भरून येतो मी!"

बाई चिवड्याच्या पातेल्याकडे पाहत बसल्या. शेखररावांनी पेपर बाजूला ठेवला. "सांग तू. फोडलं तळघर, पुढे?"

"तुम्हाला नाही सांगायचं मला," बाई तडकल्या, "मध्येच कायदा काढता तुम्ही."

पण सांगायला लागल्या. गोष्टीतली दारू संपायच्या आतच शेखररावांनी कायदा काढला. दोघांचं चांगलंच जुंपलं.