सासऱ्याचा घाम

आता शहाद्याला नातीकडे गेले की सकाळी ओट्यावर बसून बघते. बायामाणसं बूट घालून रस्त्यानं भराभरा चालतात. डोक्यावर भारा नाही, हातात विळा नाही. कुठं जायचं नाही, अन् तिथून परत यायचं. नात सांगते, "आजी, तब्बेतीसाठी चालतात ती. तुमच्या वेळेला असलं काही नव्हतं." मी म्हटलं, होतं बाई. आमच्या घरातच होतं. एका माणसाला चालता करायला माझं अर्धं रक्त आटलं.

मी स्वतःचं नाही सांगत. मी पहाटे जात्यावर बसायची, मग गोमाई नदीवरून दोन खेपा पाणी, मग शेण, मग शेत. त्याला कोणी व्यायाम म्हटलं नाही. मी सांगते माझ्या सासऱ्याचं.

माझा नवरा तापानं गेला तेव्हा पोर माझी मांडीवर होती. घरात मग आम्ही तिघं. मी, पोर आन् सासरा. सासू आधीच गेलेली. मोठा दीर खालच्या गल्लीत वेगळा राहायचा. नवऱ्याच्या दहाव्याला त्यानं मला ऐकू जाईल असं बोलून घेतलं, "बाबा शे तवलोंग ऱ्हाव. मंग आपली वाट धर." म्हणजे म्हातारा जिवंत तोवर मला छप्पर. माहेर होतं नवापूरकडे, जंगलात. भाऊ लाकडं तोडायचा, त्याच्या घरी खाणारी तोंडं सात. तिथं मी जाऊन कुणाच्या ताटात बसू?

तर म्हातारा जगवणं हे माझं काम झालं.

आन् म्हातारा कसा? दिवसभर ओट्यावर. पोट एवढं की मांडी घातली की पाय दिसायचे नाहीत. कूस बदलली तरी धाप लागायची. झोपेत घोरता घोरता मध्येच बंद पडायचा, अन् मी स्वयंपाकघरात श्वास धरून उभी. पुन्हा घोरला की मी खाली बसायची.

एकदा चक्कर येऊन पडला तेव्हा गाडीत घालून शहाद्याला हकिमाकडे नेला. हकीम मोठा माणूस, तीन पिढ्या तिथलाच. नाडी धरली, डोळे बघितले. म्हणाला, "काका, गूळ बंद, तूप बंद, बैठना बंद."

सासरा म्हणाला, "मंग ऱ्हायनं काय?"

"चलना. रोज पसीना निकालो. नाहीतर अगली होळी नही बघणार तुम्ही."

मी बाहेर पायरीवर पोर घेऊन बसले होते, पदर नाकापर्यंत. होळी ऐकली आन् मनात महिने मोजले. पाच निघाले.

आता अडचण अशी. आमच्यात सून सासऱ्याशी बोलत नव्हती. तोंडानं तर नाहीच, समोर उभीसुद्धा राहायची नाही. आन् मला तर त्याला दिवसातून वीस वेळा रागवायचं होतं. मग मी म्हशीशी बोलायला लागले. गोठा ओट्याला लागूनच. मी शेण काढता काढता म्हशीला म्हणायची, "का वं माय, तुले हकीमनी गूळ बंद सांगा ना? मंग चोरीनं काबं खास?"

सासराही म्हशीलाच उत्तर द्यायचा. "सांग तिले, मी खादा नही."

म्हैस बिचारी एकदा माझ्याकडे बघायची, एकदा त्याच्याकडे.

पण गूळ कमी होत होता हे खरं. मडकं मी उतरंडीच्या तळाशी घातलं, तरी कमी. एके दिवशी ओट्यावर सासरा बसलेला, अन् भिंतीवरून मुंग्यांची रांग खाली उतरलेली. रांग त्याच्या पाठीवरून वर गेली आन् फेट्यात शिरली. तो बसला होता देवासारखा, हलेना. हलला असता तर चोरी उघडी पडली असती. मग एकदम "आयो!" करून उठला आन् फेटा सोडून अंगणात फेकला. आतून गुळाचा खडा पडला, लिंबाएवढा, वितळून फेट्याला चिकटलेला. कान लाल झाले होते चावून चावून.

मी म्हशीला म्हटलं, "तुले बरं वाटी ऱ्हायनं ना आते?"

त्या दिवसापासून गूळ सुटला. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, मिरचीचा ठेचा, ताक. तोंड वाकडं करून खायचा, पण खायचा.

चालणं मात्र जमेना. तो म्हशीला म्हणाला, "बिनकामना कोन चालस? मी काय येडा शे का?" अन् ते खरंच होतं. गावात माणूस निघाला की दहा जण विचारणार, कथा चालनात, कुठं निघालात? कोणी मेलं का, कोणी बाळंत झालं का? कुठं तरी जातोय म्हणूनच माणूस चालतो. पहिल्या दिवशी मी बळंच काठी हातात दिली, म्हणजे काठी ओट्यावर ठेवली आन् म्हशीला सांगितलं. सासरा निघाला. पिंपळापाशी चार माणसं बसलेली.

"काय भो, कथा चालनात?"

सासऱ्याला खोटं बोलायची सवय नाही. घाबरला आन् जे पहिलं तोंडात आलं ते बोलला. "मन्ही म्हैस दवडाई गयी."

म्हैस हरवली म्हटल्यावर गाव बसून राहतं का? चौघं उठले, आणखी पंधरा आले. दोघं नदीकडे, चौघं उसात, बाकीचे कळसाडीच्या वाटेला. सासरा पुढे, त्याला थांबताही येईना. दुपारी सगळे घामानं भिजून आमच्या दारात पाणी प्यायला आले. म्हैस गोठ्यात रवंथ करत उभी.

एक म्हातारा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हाई कोनी शे?" ही कुणाची म्हणून.

सासरा म्हणाला, "आपे आप ऊनी व्हई." आपोआप आली असेल म्हणे.

दुसऱ्या दिवशी तो ओट्यावरून खाली उतरला नाही. माझ्या मनात महिने चाललेच होते. मी रात्री पोरीला थोपटता थोपटता विचार केला, की असा कोणता माणूस आहे ज्याला गावात कोणी हटकत नाही? आन् मला हसू आलं. सकाळी मी ओट्यावर टमरेल भरून ठेवलं.

सासऱ्यानं टमरेलाकडे बघितलं. मग गोठ्याकडे बघून म्हणाला, "बाई हुशार शे."

टमरेल घेऊन निघालेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही. उलट वाट सोडतात, तोंड फिरवतात. सासरा पिंपळावरून गेला, शिवेपर्यंत गेला, बाभळीखाली पाणी ओतून दिलं आन् परत आला. कोणी एक शब्द बोललं नाही. त्याला इतका आनंद झाला की दुपारी पुन्हा गेला. मग संध्याकाळी. महिनाभरात रोज चार फेऱ्या व्हायला लागल्या. पोट उतरलं, गाल बसले, धोतर दोन वेळा खोचावं लागायचं. झोपेत घोरणं कमी झालं तर मलाच झोप येईना.

पण गाव आंधळं नव्हतं. रोज चार वेळा टमरेल, अन् माणूस दिवसेंदिवस वाळतोय. बाया मला नदीवर विचारायच्या, "तुन्हा सासराले काय व्हयनं वं? इतलं पोट बिघडनं?" मी काय सांगू? नुसताच फिरतो म्हटलं तर येडा ठरला असता. मी म्हटलं, बरं शे. माझ्या "बरं शे"वर कोणाचा विश्वास बसला नाही.

ही गोष्ट खालच्या गल्लीत गेली. एका सकाळी दीर आला, डोक्यावर खाट घेऊन. स्वतःची खाट. म्हातारा दोन दिवसांचा सोबती, आधीच जागा धरावी, असं त्यानं ठरवलं होतं. माझ्याकडे न बघता आत गेला, माझ्या खोलीत खाट टाकली. माझी गोधडी आन् पोरीचा पाळणा ओसरीत आणून ठेवला. त्याच्याशीही बोलायचं नसायचंच. गोधडी उचलून घडी केली. दुसरं काय करणार होते? पोर मात्र रडत होती.

तेवढ्यात सासरा फेरीवरून आला. झपाझप पाय, कपाळावर घाम, हातात रिकामं टमरेल.

दीर म्हणाला, "बाबा, पडी ऱ्हा. मी ऊनू ना आते."

"मी काबं पडू?"

"तुमनं पोट..."

"मन्हं पोट बरं शे."

"सारं गाव सांगी ऱ्हायनं. चार चार डाव!"

सासरा ओसरीतल्या पाळण्याकडे बघत राहिला. मग माझ्या हातातल्या गोधडीकडे. त्याला खरं सांगायची लाज वाटत होती, ते मला दिसत होतं. पोट बिघडलं म्हणणं परवडलं असतं त्याला. शेवटी म्हणाला, "मी फिरस. नुसता फिरस. बिनकामना."

दीर हसला. "बिनकामना कोन फिरस, बाबा? पडी ऱ्हा."

सासऱ्यानं टमरेल खाली ठेवलं. खोलीत गेला, ती खाट उभी केली, खाली शिरला आन् डोक्यावर घेतली. दीर "बाबा, बाबा" करत मागे. खाट दारात अडकली, आडवी करून काढली. गल्लीतून निघाला तर बाया दारात आल्या. खाट बघून लोकांना वाटलं कुणाला तरी आणायला चालले.

"कोन बिमार शे?"

"कोनीच नही," सासरा खाटेखालून ओरडला, आन् चालत राहिला. मागे लोक, लोकांच्या मागे मी, पदर नाकापर्यंत, काखेत पोर.

खालच्या गल्लीपर्यंत चढउतार आहे. मी त्याच्या पाठीकडे बघत होते. आता बसेल, आता पडेल. तो दिराच्या दारात पोहोचला, खाट खाली ठेवली आन् तिच्यावर बसला. धाप नाही. पंचातले दोघं गर्दीतच होते, त्यांना म्हणाला, "आयका. मी जित्ता शे तवलोंग सांगी ठेवस. ती खोली आन् गोठा हिना. मी गया तरी हिनाच." माझ्याकडे बोट केलं. बघितलं मात्र नाही, रीत होती.

पंचातला एक म्हणाला, "डोकं ठिकान शे ना?"

"खाट उचली लयनू ना?" सासरा खाटेवरून उठत म्हणाला. "तू उचली दाखाड."

पंच पुढे होऊन खाटेजवळ गेला, दोन वेळा हात लावला, कंबर धरली आन् म्हणाला, ठीक शे, खोली हिनी.

त्यानंतर सासरा अकरा होळ्या जगला. पोरीचं लग्न बघितलं त्यानं, तेव्हा लग्नं लहानपणीच व्हायची. तो गेला तेव्हा तेराव्या दिवशी दीर माझ्या दारात आला. केस पांढरे झालेले, ओटा चढताना थांबला, भिंतीला हात लावला. मी आत उभी, म्हटलं आता खोली मागतो. त्यानं पाणी मागितलं. मी तांब्या भरून उंबऱ्यावर ठेवला. तो प्यायला, तांब्या उलटा करून ठेवला, अन् गेला.