नाव न घेता केलेली प्रार्थना

मंडळींनो, सकाळपासून स्वतःचीच किळस येतेय, म्हणून लिहितेय.

आज अनगोळमध्ये एका घरी आमची बायकांची प्रार्थनासभा होती. सभा चालवणाऱ्या सरोजाआक्का प्रार्थनेच्या विनंत्या सांगू लागल्या. "एका बहिणीसाठी मागू या. नाव घेत न्हाय मी. लोंढ्याहून आलीय, नवऱ्यानं घरातनं काढलंय. लई रडतीय बिचारी."

लोंढ्याहून आलेली तिथे एकटी सुनीताच होती. डोळे मिटायच्या आधी सगळ्यांनी तिच्याकडे बघून घेतलं.

तिने हे फक्त मला सांगितलं होतं. मी आक्कांना सांगितलं, 'प्रार्थनेसाठी' म्हणून. खरं म्हणजे मला ते पोटात ठेवता आलं नाही. सांगताना बरंही वाटलं होतं, तेच जास्त ओंगळ.

आणि आज शेवटी मीही मोठ्याने आमेन म्हणाले.

सुनीता बाहेर चपला घालत होती. मी मागे धावले. ती म्हणाली, "प्रार्थना कर गं तू. पण माझ्यासाठी नको."

बाबांनी लहानपणी घरीच शिकवलं होतं, प्रार्थना दार लावून करायची. का, ते आज समजलं.

संध्याकाळी माफी मागायला जाणार आहे. तिने दार उघडलं नाही तरी.

तुमच्या सभेत असं होतं तेव्हा कुणी थांबवतं का? की सगळे आमेनच म्हणतात?