गॅस नावाचे दोन प्रोग्रॅम

एन्टर दाबायच्या आधी ती दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीत घ्यायची आणि म्हणायची, "थांब रे, आधी बघू दे." तुमच्याही ओळखीत असेल असं कुणीतरी, कुलूप लावलं का म्हणून अर्ध्या जिन्यातून परत वर जाणारं.

पिंपळगावच्या आमच्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी माल रवाना करतो, ती कॉम्प्युटर बघायची. अडकलेला प्रोग्रॅम नावाने शोधून बंद करायला तिने एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. नाव टाकलं की त्या नावाने सुरू होणारं जे जे चालू असेल ते सगळं बंद. पण त्याआधी ती काय काय चालू आहे ते पडद्यावर आणून, बोट ठेवून एकेक ओळ वाचायची.

"अगं, बंद करतेयस की लग्नाची पत्रिका तपासतेयस?"

"नुसत्या नावावर मारायचं म्हणजे भीती वाटते बाबा. एका नावाचे दोघं निघाले तर?"

भीतीला कारण होतं. थंड खोल्यांच्या पाइपांत अमोनिया हा विषारी वायू असतो. तो गळला की भोंगा वाजवणारा प्रोग्रॅम तिच्याच कॉम्प्युटरवर चालायचा आणि आत क्रेट रचणाऱ्या बायकांत तिची आई होती. मागे एकदा पाइपचा सांधा गळला तेव्हा भोंगा वाजला म्हणून बायका वेळेत बाहेर पडल्या, डोळे चोळत, खोकत. ते तिने पाहिलं होतं.

त्या दुपारी मालासोबत द्यायचा, खोल्यांतल्या गॅसच्या नोंदींचा रिपोर्ट काढणारा प्रोग्रॅम अडकला. कंटेनर दारात उभा, शेठ तिच्या खुर्चीमागे. "ताई, उरका ना! किती वेळ?" तिने स्क्रिप्टला 'गॅस' नाव दिलं आणि न बघता एन्टर दाबलं. रिपोर्ट नव्याने सुरू झाला, प्रिंट निघाली, शेठ खूश होऊन गेले.

मग तिने पडद्यावर पाहिलं आणि पांढरीफटक पडली. भोंग्याच्या प्रोग्रॅमचं नावही गॅसनेच सुरू होत होतं. रिपोर्टबरोबर तोही गेला होता. तिने चालू करून पाहिला, होईना. पुन्हा पाहिला. "चालू होत नाहीये रे! आई आत आहे!" म्हणत ती धावत सुटली. मीही मागे पळालो.

"बाहेर या! सगळ्या बाहेर!" तिचा आवाज चिरकत होता. बायका स्वेटर सावरत, हसत बाहेर आल्या. आई सगळ्यांत शेवटी, वैतागून. "अगं, माझं क्रेट अर्धं ऱ्हायलं! झालं काय?"

काहीच झालं नव्हतं. गळती नाही, वास नाही. तिने आईचे गारठलेले हात घट्ट धरले. "आई, झालं असतं तर भोंगा वाजलाच नसता गं. मीच बंद केला होता."

"झालं नाय ना? मंग रडती कशाला? जा, चालू कर."

ती गेली नाही. भोंगा बसवणाऱ्या कंपनीचा माणूस फोनवर घेऊन भोंगा मी चालू केला. त्या खुर्चीत ती पुन्हा बसली नाही. आठवडाभरात नोकरीही सोडली.

तिची आई अजून कामावर येते. परवा मी विचारलं, "मावशी, पोरगी कशी आहे?"

"बरी हाय. पण मी घरी पोचंस्तोवर दारातच उभी ऱ्हाती."