ठिबकच्या नळीवरचा गॅस

उन्हात तापलेल्या ठिबकच्या नळीचा वास आला की मला नांदूरघाटचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. सिलिंडर पडवीत नेला होता, पण गॅसची नळी शेगडीपर्यंत पुरेना. मी शेतातल्या ठिबकच्या नळीचा बिनभोकाचा तुकडा निवडून जोडला आणि बायकोला ऐटीत म्हणालो, "बघ, लई मजबूत हाय." तिनं नळीच्या जोडावर साबणाचा फेस लावला, तर टपोरे फुगे यायला लागले. तिनं काडीपेटी माझ्यापुढं धरली. "मजबूत हाय ना? मग काडी तुमीच वढा. मी लेकराला घिऊन लिंबाखाली बसते." मी गुपचूप सिलिंडर बंद केला आणि केजहून तांब्याचा पाइप टाकणारा मिस्त्री आणला. आता गावात कुणीही विचारलं की मी छाती काढून सांगतो, "गॅसला तांब्याचाच पाइप पाहिजे, हे मला आधीपासून ठाऊक होतं." फक्त त्याआधी ती आसपास नाही ना, एवढं बघून घेतो.