वहिनीचा धबधबा

आमच्या वहिनीने पन्नाशीपर्यंत एकही धबधबा पाहिला नव्हता, पण धबधब्याबद्दल तिच्याइतकं ठासून बोलणारं माणूस मला भेटलं नाही. घरात कोणी आंघोळीसाठी दुसरी बादली मागितली की ती चुलीपुढूनच म्हणायची, "धबधब्याखाली उभं राह्यलं म्हंजे बादली मोजा लागत नाई." जणू काल सकाळीच एकाखाली उभी राहून आली होती.

तिचं माहेर दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यात डाळ शिजत नाही. पिण्याचं पाणी लांबून यायचं आणि घरातल्या बायका ते तुपासारखं जपायच्या; संपलं की तेच खारं प्यायचं. पावसाने हवा धुतली गेली की तिच्या घराच्या धाब्यावरून मेळघाटचे डोंगर निळे दिसत. त्या डोंगरांत गोडं पाणी आपोआप वरून पडतं, असं तिला कोणीतरी लहानपणी सांगितलं होतं. "पडून रायते अन् कोणी भरतबी नाई!" हे सांगताना तिचा आवाज चढायचा. लग्न होऊन ती बार्शीटाकळीजवळच्या आमच्या गावी आली, तेव्हा पहिला तांब्या रिकामा करून माझ्या आईला म्हणाली, "आत्याबाई, तुमचं पाणी लय गोड हाय." आईला वाटलं, नवी सून लाडीगोडी लावते आहे. ती पाण्याबद्दलच बोलत होती.

दर उन्हाळ्यात तिचा बेत ठरायचा. गहू-हरभरा घरात आला, शेतातल्या कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटून झाल्या, की वऱ्हाडातल्या माणसाला थोडी सवड मिळते. मग अंगणात कुरड्या घालता घालता ती सुरू करायची. "औंदा ठरलं, भाऊजी." किती पोळ्या, कोणत्या डब्यात तिळाची चटणी, जीपमध्ये खिडकीशी कोण, उलटी कोणाला होते, सगळं ठरलेलं असायचं. दादा बिडी विझवून म्हणायचा, "उन्हाळ्यात धबधब्याले पाणी कुठून येईन?"

"मंग पावसात चाला."

"पावसात निंदण तुहा बाप करन?"

"माहा बाप नाई करत. त्यानं तुमाले पोरगी देल्ली, ते करते." मग दोघंही हसायचे आणि बेत पुढच्या उन्हाळ्यावर जायचा. वीस वर्षं हेच. आमच्याकडे माणूस मोकळा असतो तेव्हा धबधबा कोरडा, आणि धबधबा वाहतो तेव्हा माणूस तुरी-कपाशीत वाकलेला.

मी एव्हाना घर सोडलं होतं. अकोल्यात हातगाडीवर भाजी विकली, मग अमरावतीला आलो, नांदगाव पेठेच्या कारखान्यांतून कापडाचे उरलेले लॉट उचलून विकू लागलो. आज स्वतःचं दुकान आहे. मला कोणी काही दिलेलं नाही. जे आहे ते भांडून घेतलेलं आहे, आणि भांडल्याशिवाय मिळालेली वस्तू मला अजूनही खोटी वाटते. वहिनी यावरून मला सोडत नसे. चार बायकांत म्हणायची, "आमचे भाऊजी देवापुढं नारळ ठेवतात अन् म्हणतात, पाणी तुले, खोबरं मले."

एका मे महिन्यात मीच हट्टाला पेटलो आणि सगळ्यांना चिखलदऱ्याला नेलं. जीपवाल्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "बारा महिने पाणी असते, शेठ." कठड्याशी जाऊन पाहतो तर समोर काळा कोरडा कडा आणि त्यावर शेपट्या सोडून बसलेली चार वानरं. माझं डोकं फिरलं. जीपवाला तर सावलीत झोपायला निघून गेला होता, म्हणून मी गाडी लावण्याची पावती फाडणाऱ्या माणसाला धरलं. पाणी नाही तर पावती कशाची? तोही वऱ्हाडीच, हटेना. शेवटी वहिनी मधे पडली. "देऊन टाका, भाऊजी. एवढा मोठा खडक कोणी फुकट दाखवते का?" ती मात्र त्या कड्याकडे बराच वेळ बघत उभी होती. पाणी कुठून येत असेल, कुठे आपटत असेल, हे तिने बोटाने हवेत आखून पाहिलं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी माझी पुतणी अकोल्याच्या कृषी महाविद्यालयातून सुट्टीला घरी आली आणि तिने तिच्या आईला, म्हणजे वहिनीला, मोबाइलवर एक राष्ट्रीय उद्यान दाखवलं. युरोपातलं, क्रोएशिया नावाच्या देशातलं. एकाखाली एक तळी, वरच्या तळ्यातलं पाणी खालच्यात पडतं, त्याच्या काठाकाठाने लाकडी पूल. पाणी निळं-हिरवं, आणि तेही भर उन्हाळ्यात. वहिनीने मोबाइल दोन्ही हातांत धरला. "उन्हाळ्यात पडून रायलं हे?" तिने तीनदा विचारलं. मग मला फोन लावला. "भाऊजी, भेटलं. आपली सुट्टी अन् धबधबा एकाच टायमाले."

मी म्हणालो, "ठरलं." तिचा शब्द मी पहिल्यांदाच वापरला. दादा-वहिनी आणि आम्ही नवरा-बायको, असे चौघे जायचं होतं. पासपोर्ट निघाले. वहिनीने बूट घेतले आणि लुगड्याखाली ते घालून रोज अंगणात फिरू लागली. तिथे लाकडी पुलावर चालायचं आहे म्हणून तिने शेतातल्या नालीवर एक लांब फळी टाकली आणि सकाळ-संध्याकाळ त्यावरून जा-ये करायची. गडी-माणसं हसायची. ती म्हणायची, "हसा. तथी पडली तं बाहेरच्या देशात वऱ्हाडाचं नाव जाईन."

आणि मी भाव करत बसलो. अमरावतीतल्या सहलवाल्याचा भाव मला पटला नव्हता. कापडाच्या लॉटला मी कधी आधी हात लावत नाही. गोदाम रिकामं करायची वेळ आली की मालक स्वतःच भाव उतरवतो. ज्याच्यात थांबायची ताकद असेल तो जिंकतो. या एकाच गोष्टीवर मी दुकान उभं केलं आहे. मला वाटलं, विमानातली जागाही तशीच. तो फोन करायचा, मी म्हणायचो, "पाहू." वहिनी फोन करायची, मी म्हणायचो, "थांबा, अजून उतरन." एप्रिलच्या शेवटी त्याने सांगितलं, गट भरला. मी त्याच्या कचेरीत जाऊन टेबलावर हात आपटले, नाही नाही ते बोललो. त्याने थंडपणे रजिस्टर फिरवून दाखवलं. आमच्या चार जागांवर दुसऱ्यांची नावं होती.

गावी जाऊन मी वहिनीला सांगितलं. ती चिडेल, टोमणे मारेल अशी माझी तयारी होती. उत्तरंही तयार होती. ती फक्त म्हणाली, "बरं. येत्या उन्हाळ्यात ठरलं." आणि चहा टाकायला आत गेली.

माझी तक्रार आहे ती इथे. सहलवाल्यावर नाही. तक्रार वहिनीवर आहे. ती भांडली का नाही? मी आयुष्यभर माणसांशी भांडत आलो, समोरचा ओरडला की मला कळतं त्याचं किती अडलं आहे. ती एकदा जरी ओरडली असती, "भाऊजी, मले पाहाचंच हाय," तर मी त्याच दिवशी मागेल तो भाव देऊन मोकळा झालो असतो. तिने तिचं किती अडलं आहे ते कळूच दिलं नाही. याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

दिवाळीनंतर तिचे पाय सुजू लागले. अमरावतीला आणून दाखवलं, तर किडन्या जवळजवळ गेल्या होत्या. डॉक्टरांनी माहेर कुठलं ते विचारलं आणि खारपाणपट्ट्यातल्या त्या गावाचं नाव ऐकून मान हलवली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. ती माझ्याकडेच राहायला आली. पाणी मोजून प्यायचं होतं. औषधाच्या दुकानातून आणलेल्या रेघांच्या भांड्यात माझी बायको दिवसाचं पाणी काढून ठेवायची. एक दिवस ओठ पुसत वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, साऱ्या जगाशी भाव करता. डॉक्टरशी करा ना. अर्धा गिलास वाढवून मांगा."

मी गेलो. खरंच गेलो. आधी गोड बोललो, मग आवाज चढवला. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही जितकं मागाल तितकं पाणी त्यांच्या फुप्फुसात जाईल." मी घरी आलो आणि तिने माझ्या तोंडाकडे पाहून हसून विषय बदलला.

पुढचा उन्हाळा दवाखान्याच्या फेऱ्यांत गेला. आषाढात एका सकाळी दादा गावाहून अचानक अमरावतीला आला. शेतात निंदण उभं होतं. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "बापू, गाडी काढ. तिले घेऊन जाऊ." त्याने पेरणीनंतर शेत सोडल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं.

चिखलदऱ्याच्या वाटेवर परतवाड्यापर्यंत स्वच्छ होतं. घाट चढलो तसं धुकं गाडीच्या काचेला येऊन चिकटलं. कठड्याशी गेलो तर समोर काहीच नाही. पांढरं. हात लांब केला तर बोटं धूसर. आणि त्या पांढऱ्यामागे कुठेतरी पाणी पडत होतं. नुसता आवाज, अंगात शिरणारा. मी भुट्टे भाजणाऱ्या बाईला विचारलं, धुकं कधी हटेल? ती म्हणाली, "हटलं तं घटकाभरात, नाई तं चार दिवस." मी म्हटलं, थांबू. संध्याकाळपर्यंत थांबू, वाटल्यास मुक्काम करू. मी जोरजोरात बोलत होतो.

"भाऊजी, जरा गप राहा," वहिनी म्हणाली. "पडून रायलं ते."

ती कठडा धरून उभी होती. तुषार उडून तिचे केस, भुवया, पातळाचा पदर, सगळं ओलं झालं होतं. तिने जिभेने ओठ चाटले. दादाने तिच्या पाठीला हात लावून ठेवला होता. धुकं हटलं नाही. दुसऱ्या दिवशी डायलिसिस होतं, म्हणून तासाभराने तीच म्हणाली, "चाला आता."

आठ दिवसांनी गावाकडच्या बायका तिला भेटायला आल्या. पलंगावर उशीला टेकून ती त्यांना धबधबा सांगत होती. "एवढा उंच, मान मोडून पाहा लागते. वरतून येते तवा एकच धार, अर्ध्यात आली का तिच्या तीन होतात. खाली तं नुसतं ताक घुसळल्यावानी." बायका तोंडावर हात ठेवून ऐकत होत्या. एकीने विचारलं, "खरं सांगतं काय वं?" वहिनी माझ्याकडे वळली. "विचारा भाऊजीले. ते तं कोणाची खोटी तारीफ करत नाईत. हो ना, भाऊजी?"

"हो," मी म्हणालो. "तीन धारा होतात."

पौषात ती गेली.

यंदा आषाढात दादाचा फोन आला. म्हणाला, चार दिवस उघाड आहे, धुकं नसेल, जाऊन धबधबा पाहून यायचा का आपण दोघं? मी दुकानात उभा होतो, गिऱ्हाईक समोर होतं. मी गाडीची किल्ली हातात घेतली, परत ठेवली.

"दादा, पाहून काय करू आपण?"

तो म्हणाला, "तिनं सांगतला तसाच असन."

"तसाच हाय," मी म्हटलं.