काकूंच्या व्हिसाच्या अर्जातला एक रकाना

कोल्हापुरात मी ज्यांच्या माडीवरच्या खोलीत राहत होते, त्या काका-काकूंचे व्हिसाचे अर्ज मी भरले. काकांचा बरोबर भरला. काकूंचा चुकवला. ती चूक कशी झाली आणि कशी निस्तरली हे लिहून ठेवावंसं वाटलं. अशी चूक आमच्याकडं कुठल्याही घरात होऊ शकते, आणि करणाऱ्याला ती चूक वाटतच नाही.

काकांची फाउंड्री होती. वय झाल्यावर त्यांनी ती पुतण्याच्या हवाली केली. त्यांची एकुलती एक मुलगी मॉरिशसमध्ये शाळेत शिकवते, लग्न करून तिथंच स्थायिक झालेली. निवृत्त माणसांना तिथं येऊन राहायची परवानगी मिळते. वय आणि नियमित उत्पन्न दाखवलं की नवऱ्याला मिळते, आणि त्याची बायको म्हणून बायकोला. मुलीनं आईच्या गुडघ्यांचा विचार करून तळमजल्याचं घर घेऊन ठेवलं होतं. राहिला होता प्रश्न कागदांचा, आणि कागदांचं काम माझ्याकडं आलं.

मी नेसरीची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळं आमच्या गल्लीतले रेशन कार्डापासून पीक विम्यापर्यंतचे सगळे फॉर्म माझ्याकडं यायचे. त्यातून मला एक सवय लागली होती, रकाना मोकळा ठेवायचा नाही. मोकळा रकाना दिसला की टेबलापलीकडचा माणूस अर्ज परत ढकलतो, हे मी बारीक असल्यापासून बघत आले होते. वडील परत ढकललेला कागद घडी करून खिशात घालायचे आणि घरी येईपर्यंत बोलायचे नाहीत.

काकांच्या कामात मी सुरुवातीला बऱ्यापैकी सावध होते. कागदांची यादी तीनदा वाचली. काकांना आधी पोलिसांचा दाखला काढायचा होता, कारण तिथं कुणी ओळखीचं होतं. मी भीत भीतच म्हटलं, "काका, तो दाखला थोडेच महिने चालतोय. बाकीचे कागद व्हायच्या आत त्याची मुदत संपेल. तो शेवटी काढूया."

"बरं बाई, तू म्हणशील तसं," काका म्हणाले. मग काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात, "हिला शिकवलेलं दिसतंय. आमच्या पुतण्याला नुस्तं कॉलेजात पाठवलंय."

अर्जात एक प्रश्न होता. याआधी तुम्ही दुसऱ्या कुठल्या नावानं ओळखले जात होता का? मी स्वयंपाकघरात गेले. काकू भाकरी थापत होत्या.

"काकू, तुमचं दुसरं काही नाव हाय का?"

"न्हाय की. एकच."

मी 'नाही'वर खूण केली. रकाना भरला.

काकूंच्या जन्माचा पुरावा म्हणून आम्ही शाळा सोडल्याचा दाखला जोडला होता. तो मीच स्कॅन केला होता. त्यावर त्यांचं माहेरचं नाव होतं आणि पासपोर्टवर सासरचं. आडनाव तर बदललेलं होतंच, पण पहिलं नावही वेगळं. मी दोन्ही नावं डोळ्यांनी वाचली होती, आणि तरी मला काही खटकलं नाही. माझ्या आईला माहेरचं एक नाव आहे, माझ्या दोन्ही मावश्यांना आहे. लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं नवीन नाव लिहितो, सगळ्यांना पेढे वाटले जातात, आणि त्या संध्याकाळपासून ती बाई त्या नावाची होते. याला कुणी 'दुसरं नाव' म्हणत नाही. काकूंनी मला खोटं सांगितलं नव्हतं, आणि मीही खोटं लिहिलं नव्हतं.

लग्नाचा नोंदणी दाखलाही नव्हता. काका म्हणाले होते, "चाळीस वर्षं संसार झाला, आता नोंद कशाला?" म्हणून आम्ही वकिलाकडून एक प्रतिज्ञापत्र करून जोडलं होतं.

काही आठवड्यांनी मॉरिशसच्या व्हिसा ऑफिसातून मेल आला. काकांच्या अर्जावर काही शंका नव्हती. काकूंच्या अर्जाबद्दल लिहिलं होतं की पासपोर्टवरची स्त्री आणि शाळेच्या दाखल्यावरची स्त्री एकच आहे याला पुरावा नाही. अर्जदारानं दुसरं नाव नसल्याचं स्वतः सांगितलं आहे. विवाहाचा सरकारी दाखला नाही. तीस दिवसांत खुलासा आला नाही तर अर्ज बंद होईल.

मी माडीवर बसून तो मेल चार वेळा वाचला. खाली जायला मला बराच वेळ लागला. जाऊन मी सरळ सांगितलं, "चूक माझी हाय. 'नाही'ची खूण मी केली. दाखल्यावरचं नाव बघूनसुद्धा केली."

काका म्हणाले, "खूण तू केलीस. सही कुणाची हाय?"

"माझी," काकू आतून म्हणाल्या.

"मग झालं तर."

"पण तुमचं एकट्याचं होईल, काका. काकूंचं अडलंय."

"मी एकटा जाऊन काय करू? मला तिथं चहा कोण देणार?"

"म्हणजे मी चहासाठी पाहिजे व्हय," काकू म्हणाल्या. त्या हसल्या, पण लगेच पदरानं डोळे पुसले, आणि मला माझ्या त्या एका खुणेचं वजन कळलं. मुलगी रोज फोनवर विचारायची, आई, कधी येतेस. काकू म्हणायच्या, कागद झाले की.

दुसऱ्या दिवशी काका मला घेऊन एका एजंटाकडं गेले. एजंटानं मेल वाचला आणि दोन मिनिटांत उपाय सांगितला. शाळेचा दाखला मागं घ्यायचा, जन्माचं नवीन प्रतिज्ञापत्र सासरच्या नावानं करायचं, जुन्या नावाचा विषयच काढायचा नाही. "आठवड्यात करून देतो."

काका मान डोलवायला लागले होते. मोठ्या माणसांच्या बोलण्यात मी सहसा बोलत नाही, तरी बोलले. "काका, नको. तो दाखला त्यांच्याकडं गेलाय. आता आपण ते नावच न्हाय म्हटलं तर ते खोटं होईल. आत्तापर्यंत नुस्ती चूक हाय."

एजंटानं माझ्याकडं न बघता काकांना विचारलं, "पावणं, ही कोण? वकील हाय काय?"

"आमच्या माडीवर राहत्या."

"मग माडीवरच राहू दे की तिला."

काका उठले. "चल गं," एवढंच म्हणाले. बाहेर येऊन गाडी सुरू करताना त्यांनी विचारलं, "तुला काय करावं वाटतंय?" मी म्हटलं, दोन नावं आहेत असं सांगायचं, आणि कशी झाली ते दाखवायचं. लग्नाची नोंद करायची. नोंदणीच्या फॉर्मात वधूचं लग्नाआधीचं नाव लिहितात आणि नंतरचंही. तोच कागद या दोन बायकांना एक करील.

बोलताना माझा आवाज कापला नाही, हे माझ्याच लक्षात आलं.

नोंदणीला लग्नपत्रिका, लग्नातला फोटो आणि साक्षीदार लागणार होते. लग्न कुरुंदवाडला काकूंच्या माहेरी झालं होतं, म्हणून आम्ही तिघं तिकडं गेलो. दारात काकूंचे थोरले भाऊ, म्हणजे मुलीचे मामा, उभे होते. त्यांनी काकूंना दाखल्यावरच्या नावानं हाक मारली. ती हाक मी पहिल्यांदाच ऐकत होते. काकूंनी लगेच "ओ" दिली.

मी उगाच हसले. मला वाटलं, त्या ऑफिसातल्या साहेबाला इथं दारात आणून उभं केलं असतं तर काम तिथंच झालं असतं.

सगळं ऐकून मामा म्हणाले, "सरकारला सांगा, खरं नाव आम्ही ठेवलंय. ह्यांनी नुस्तं तांदळात खरडलंय."

"खरडलं न्हाय. सोन्याच्या अंगठीनं लिवलंय," काका म्हणाले.

"अंगठी बी आमचीच हुती."

पत्रिका जमिनीच्या कागदांच्या पेटीत सापडली. कडा खाल्लेल्या, पण अक्षरं शाबूत. फोटोत काका इतके बारीक होते की काकूंनी तो माझ्याकडं देताना बोट ठेवून सांगितलं, "हेच." लग्न लावणारे भटजी वारले होते. नोंदणी कार्यालयातल्या बाईंनी त्याचं वेगळं प्रतिज्ञापत्र सांगितलं, ते केलं. मामा, मामी आणि शेजारचे एक आजोबा साक्षीला आले. आजोबांना जेवणात काय होतं तेसुद्धा आठवत होतं, पण ते कुणी विचारलं नाही.

दाखला हातात आल्यावर तो परदेशात चालावा म्हणून त्यावर शिक्का मारून आणायचा होता, मराठी कागदांचं अधिकृत भाषांतर करायचं होतं. यात दिवस गेले. मी वहीच्या मागच्या पानावर तीस चौकोन काढले होते आणि रोज एक खोडत होते. सगळे कागद जमले तेव्हा चार चौकोन उरले होते.

खुलाशाचं पत्र मी लिहिलं. पहिल्या पत्रात मी तीन वेळा माफी मागितली होती आणि कॉलेजात शिकलेले अवघड इंग्रजी शब्द घातले होते. काकूंना अर्थ सांगितला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यात मी कुठं हाय?"

मी ते फाडलं. दुसरं पत्र त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. माझं जन्माचं नाव हे. आमच्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलतात, म्हणून माझं लग्नानंतरचं नाव हे. दोन्ही मीच. अर्जात दुसरं नाव नाही असं लिहिलं ते चुकून, कारण ते दुसरं आहे असं आम्हाला वाटलं नव्हतं. सोबत विवाह नोंदणीचा दाखला जोडला आहे. पत्र पाऊण पानाचं झालं. पाठवण्याआधी मी एकेक कागद काकूंना दाखवला, आणि प्रत्येकावर काय लिहिलंय ते वाचून सांगितलं. आधीच्या वेळी मी हे केलं नव्हतं. मी फक्त सही कुठं करायची ते दाखवलं होतं. खरी चूक बहुतेक तिथं होती.

तेव्हापासून कुणाचाही अर्ज भरताना मी आधी सगळे दाखले शेजारी शेजारी मांडते आणि त्यावरची माणसं एकच आहेत का ते अनोळखी नजरेनं बघते. आईला फोन करून विचारलं, तुमच्या लग्नाची नोंद आहे का. ती म्हणाली, कशाला पाहिजे. दिवाळीच्या सुट्टीत मी दोघांना घेऊन गेले आणि नोंद करून आणली.

काकूंच्या अर्जाचं उत्तर आलं तेव्हा मी कॉलेजातून नुकतीच आले होते. मेल काकांच्या फोनवर होता, पण त्यांनी तो उघडला नव्हता. "तूच वाच," म्हणाले. मी उभ्याउभ्याच वाचला. एकदा मनात, मग मोठ्यानं. दोन्ही अर्ज मंजूर.

काका खुर्चीत बसले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. काकूंनी मुलीला फोन लावला, ती वर्गात असावी, उचलला नाही. मग त्या माझ्याकडं वळल्या.

"आता सांग, कांदा-लसूण चटणी किती किलो न्यायला देतात?"

मला अंदाज होता. तरी मी म्हटलं, "वाचून सांगते, काकू," आणि नियम उघडायला माडीवर गेले.